संगमरवरावरचा जाळ

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापुढे हात जोडून मी पुष्कळ काही बोललो आहे — मुलाचा ताप, भावाशी झालेली भांडणं, मनात येऊन गेलेले वाईट विचारसुद्धा — पण ह्या एका गोष्टीपाशी आलो की जीभ थांबायची. जणू त्यालाही ती ठाऊक नसावी.

आणि आता तुम्हाला सांगायला बसलो तर तेही धड जमत नाहीये. सकाळपासून बसतो आहे आणि उठतो आहे. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. सुरुवात कुठून करू? गिरणीपासून करू, की त्या बाईपासून? खरं तर माझ्यापासूनच करायला हवी. पण स्वतःपाशी यायला मला नेहमीच वेळ लागत आला आहे.

आमचं घर गिरगावात. वडील सोनार. दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या बाजूची एक खोली — शेगडी, फुंकणी, मूस, आणि कायमचा धूर. थोरला भाऊ वडिलांशेजारी बसला. मी मात्र इंग्रजी शिकलो, यंत्रांचं शिक्षण घेतलं, आणि फोर्टातल्या एका कंपनीत लागलो. ती कंपनी गिरण्यांतून विजेचे दिवे बसवायची. त्या काळी रस्त्यावर गॅसच्या बत्त्या, घरात घासलेट किंवा गोडं तेल. विजेचा दिवा बघायला लोक गाडीभाडं खर्चून यायचे. मी कोट घालून निघालो की आळीतली म्हातारी माणसं म्हणायची, "सोनाराचा दामू विजेला पाळतो म्हणे." मला ते आवडायचं. का नाही आवडणार? शेगडीसमोर बसून डोळे लाल करून घेणाऱ्यांतला मी नव्हतो — हे मला रोज स्वतःला दाखवावं लागायचं.

ही फुशारकी लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

परळच्या एका गिरणीचं काम आमच्याकडे आलं. काम बघायला दोघे — मी आणि काशिनाथ. दोघांचा हुद्दा सारखाच, शिक्षणही सारखं. इंजिनघरात डायनामो बसला, खात्याखात्यांतून तारा गेल्या, काचेचे दिवे टांगले. राहिला एक प्रश्न. तारेतून जायला हवी त्याहून जास्त वीज जाऊ लागली — कुठे दोन तारा एकमेकींना चिकटल्या, कुठे ओल शिरली — तर तार तापते, आणि अंगावरचं वेष्टण पेटतं. म्हणून वाटेत एक जागा अशी ठेवावी लागते, की जी आधी तुटेल आणि बाकीचं वाचवेल. ती जागा कशी करायची?

काशिनाथ म्हणाला, शिशाची तार. प्रत्येक खात्याच्या तोंडाशी चिनी मातीची झाकणाची डबी, तिच्यात शिशाच्या तारेचा तुकडा. वीज वाढली की शिसं वितळेल, त्या एकाच खात्यातले दिवे जातील, बाकी गिरणी चालू. नवा तुकडा बसवला की झालं.

मी म्हणालो, विलायती खटका. तो सबंध गिरणीला मिळून एकच. त्यात तारेचं मोठं वेटोळं असतं. वीज वाढली की वेटोळ्यात लोहचुंबकाची ओढ येते, चाप सुटतो आणि तांब्याचा दांडा खाडकन मागे पडतो. काही वितळत नाही, काही बदलावं लागत नाही. दांडा उचलून पुन्हा लावला की दिवे हजर. पितळेचा चकचकीत, संगमरवराच्या पाटीवर बसवलेला — काय देखणा होता तो!

आणि शिसं म्हणजे? शिसं म्हणजे मला वडिलांचं दुकान. इतकं शिकून सवरून मी पुन्हा धातू वितळवण्यापाशीच यायचं?

हे मी कोणाला बोललो नाही. तोंडानं मी दुसरंच बोललो. म्हणालो, शिशानं आग लागेल.

मॅनेजरसाहेबांना लांबण लावलेलं खपत नसे. त्यांनी आम्हा दोघांना गिरणीच्या पटांगणात उभं केलं. खात्याखात्यांचे मुकादम बोलावले, बायकांच्या खात्यातल्या नायकिणी, म्हणजे बायकांवरच्या मुकादमणी, बोलावल्या — नवी बत्ती काय चीज आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून. मी कापसाचा पुंजका जमिनीवर ठेवला, वर लाकडी चिमट्यात शिशाची तार धरली आणि तिच्यातून वीज सोडली. शिशाचा थेंब कापसावर पडला. कापूस भपकन पेटला. माणसं दोन पावलं मागे सरली.

"डबीत घाल ना तार!" काशिनाथ म्हणाला. "झाकण लावून दाखव. थेंब बाहेर येतच नाही."

मी म्हणालो, "झाकण लावायला कोणी विसरलं तर?"

मॅनेजरसाहेब पेटलेल्या कापसाकडे बघत होते. "बस," ते म्हणाले. "खटका मागव. आणि मागे कुठे अंधारात नको लावूस. मोठ्या जिन्यापाशी लाव. पाहुणे येतात, त्यांना दिसू दे."

काशिनाथनं वाद वाढवला नाही. त्याचा स्वभाव तसा होता, आणि मला तो ठाऊक होता.

सगळे पांगत होते तेव्हा एक नायकीण पुढे आली. तिशीच्या आतबाहेरची, पदर घट्ट खोचलेला. तीच भागीरथी. वरच्या मजल्यावर सुताच्या लडी करायचं बायकांचं खातं होतं, ते तिच्या हाताखाली. मला म्हणाली, "मास्तर, आमच्या खात्यात तारेपाशी जाळ दिसला तर आमी काय करायचं?"

मी काय सांगितलं? शब्दन् शब्द आठवतो. "जाळ दिसला की थांबायचं नाही. कापसाची गिरणी आहे, बघता बघता पेटेल. जाळ ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूनं सगळ्यांना बाहेर काढायचं."

तिनं मान हलवली. तिच्यामागे एक कोवळी पोर उभी होती, ती पेटलेल्या कापसाची राख पायाच्या अंगठ्यानं चाचपत होती. भागीरथीनं तिचा दंड धरून तिला ओढलं. ती तिची नणंद — तानी.

त्या घराचं मला नंतर कळलं. रत्नागिरीकडची माणसं, लालबागेत एका चाळीत राहायची. भागीरथीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात सासू, ती आणि तानी — तिघी बाया. तानीला गिरणीत भागीरथीनंच आणलं होतं, आपल्या नजरेखाली राहील म्हणून.

खटका आला. एका सुटीच्या दिवशी, गिरणीत कोणी नसताना, मी तो लावून पाहिला. मुद्दाम दोन तारा जुळवल्या. चाप सुटला, दांडा मागे पडला — आणि दांडा सुटताना त्या फटीतून एक जाळ उठला. निळा, कडेला हिरवट, पंजाएवढा उंच. क्षणभरच. मागे संगमरवरावर काजळीचा पट्टा राहिला.

वीज अशी एकाएकी तोडली की ती फटीतून उडी मारते. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. तेवढा मोठा जाळ मी पाहिला नव्हता, एवढंच. त्याला उपाय होता. खटका इंजिनघरात दगडी भिंतीशी लावायचा, वर लोखंडी पेटी घालायची. पण मग दिसणार काय? आणि मॅनेजरसाहेबांना सांगणार काय — की ज्या आगीची मी भीती घातली ती ह्याच्यातूनही निघते? काशिनाथला काय सांगणार?

मी फडक्यानं संगमरवर पुसला. पहिल्यांदा तेव्हा पुसला.

थंडीचे दिवस. संध्याकाळ लवकर पडायची, त्यामुळे शेवटचे तास दोन तास दिव्यावर काम चालायचं. एका संध्याकाळी मी इंजिनघरात होतो. विणकामाच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून वाफ सोडतात. त्या ओलीनं तिथल्या एका तारेचं वेष्टण कुजलं असावं. मोठ्या जिन्याकडून खाडकन आवाज आला आणि गिरणी काळी झाली. सगळी. सगळ्या खात्यांतून एकदम. यंत्रं वाफेवर चालायची, ती चालूच. पट्टे फिरताहेत, सुताच्या चाती फिरताहेत, आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. काशिनाथच्या शिशानं फक्त विणकामाचं खातं गेलं असतं.

मी कंदील घेऊन धावलो. कचेरीच्या दारातून मॅनेजरसाहेब ओरडत होते, "दामोदर! बत्ती! बत्ती लाव!" वरच्या मजल्यावर बायकांचा गलका होता, आणि त्या गलक्यावर एक आवाज — "बसा जागेवर! कोण हलाल तर बघा!" भागीरथीचा. गलका खाली बसला. हो, तिनं आधी बायकांना जागेवर बसवलं होतं. पुढे हे कोणाला आठवलं नाही.

नियम असा, की आधी बिघडलेलं खातं शोधून तोडायचं, मग दांडा उचलायचा. मी तो नियम शिकलो होतो, दुसऱ्यांना शिकवला होता. पण साहेब ओरडत होते. ज्या खटक्याची एवढी ऐट मारली, तो लगेच लागत नाही — हे मला त्यांच्यासमोर दाखवायचं नव्हतं. मी कंदील जमिनीवर ठेवला आणि दांडा उचलून दाबला. बिघाड तसाच होता; दांडा लागलीच मागे पडला.

जाळ उठला. सुटीच्या दिवशी पाहिला होता त्याच्या दुप्पट. माझ्या तोंडासमोर. आणि त्या उजेडात मला जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर भागीरथी दिसली. काय झालंय ते बघायला ती खाली येत होती. तिनं जाळ पाहिला. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मग पुन्हा अंधार.

"आग! बत्तीला आग लागली! — मागच्या जिन्यानं चला गो! मागच्या जिन्यानं!"

मीच शिकवलेलं. जाळाच्या उलट बाजूनं.

मी वर हाक मारायला हवी होती. "आग नाही, थांबा" — एवढे शब्द. ते मी ओरडलो असतो तर तिला ऐकू गेले असते. ती दहाबारा पायऱ्यांवर होती. मी ओरडलो नाही. मी विणकामाच्या खात्याकडे पळालो, तिथली तार तोडली, परत आलो, दांडा लावला. दिवे आले. मॅनेजरसाहेब कचेरीतून इकडे निघाले होते. संगमरवर काळा झाला होता. मी कोटाच्या बाहीनं तो पुसला — घाईघाईनं, घासून घासून, कोपऱ्यासकट.

मी पुसत होतो तेव्हा गिरणीच्या मागच्या बाजूला काय चाललं होतं, ते मला अजून ठाऊक नव्हतं. असं मी स्वतःला सांगतो. पण किंकाळ्या ऐकू येत नव्हत्या का? येत होत्या. यंत्रांच्या आवाजातूनही येत होत्या. आधी मी पुसून घेतलं, मग गेलो.

मागचा जिना लोखंडी, गोल, एका वेळी एकच माणूस उतरेल असा. अंधारात पुढची बाई अडखळली, मागच्या थांबल्या नाहीत. कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय. सगळ्यांच्या खाली तानी होती. भागीरथीनं तिला सगळ्यांत पुढे काढलं होतं — आपली पोर आधी सुटावी म्हणून. दुसऱ्या दिवशी तानी गेली.

चौकशी झाली, कचेरीतच. मॅनेजरसाहेब, गिरणीचे एक शेट, मी. भागीरथीला दाराशी उभं केलं होतं. तिचे केस सुटलेले, पदराचं भान नाही. ती एकच बोलत होती, "जाळ व्हता. मी डोळ्यांनी बघितला."

शेटांनी मला विचारलं, "आग होती?"

"नाही," मी म्हणालो. "ह्या खटक्यातून आग निघतच नाही. म्हणून तर तो घेतला. पाटी बघा — डागसुद्धा नाही."

ते उठून पाहायला गेले. डाग नव्हता.

झालं. बाई घाबरली, भलतंच दिसलं, उगीच ओरडली. मॅनेजरसाहेब दयाळू, त्यांनी तिला पोलिसात दिलं नाही, फक्त कामावरून काढलं. बाहेर पडताना ती माझ्याजवळून गेली. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येईल. ती आली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली — जाळ दिसला की बाहेर काढा म्हणालात ते तुम्हीच का, असं.

काशिनाथनं मला नंतर एकट्याला गाठून विचारलं, "दामू, ठिणगी केवढी होती?"

"काडी ओढल्याएवढी," मी म्हणालो. त्यानं विश्वास ठेवला. तो सरळ माणूस.

महिन्याभरात मी तो खटका तिथून हलवला. इंजिनघरात नेला, लोखंडी पेटीत घातला. खात्याखात्यांच्या तोंडाशी शिशाच्या तारा बसवल्या, चिनी मातीच्या डब्यांत, झाकणासकट. दोन्ही हवेत, असं म्हणालो — एकावर एक राखण. शेट खूष झाले. कंपनीत माझा मान वाढला. पुढे मी ती कंपनी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा लोक माझ्याकडे यायचे ते ह्याच नावलौकिकावर. दामोदर मास्तर फार जपून काम करतो, म्हणायचे.

इथे थांबलो तर बरं होईल. तुम्हाला वाटेल, सांगायचं ते सांगून झालं — भेकडपणा केला, नोकरी वाचवली, एका बाईवर आळ येऊ दिला. पण नाही. एवढंच असतं तर मी बहुधा कधीच बोलून टाकलं असतं. तरुणपणी पोटासाठी खोटं बोललेली माणसं पुष्कळ भेटतात, ऐकणारेही समजून घेतात. जे मला बसू देत नाही ते ह्याच्यापुढचं आहे.

मधे काही वर्षं गेली. माझं लग्न झालं. ती गिरणी सुटली, ती कंपनी सुटली, मॅनेजरसाहेब वारले. काशिनाथ सोलापूरकडच्या गिरणीत गेला. म्हणजे बघा — माझं वाकडं करू शकेल असं कोणी उरलं नव्हतं.

एका दुपारी भागीरथी गिरगावात माझ्या दाराशी आली. मी ओळखलंच नाही आधी. वाळून गेली होती. सासूनं तिला घराबाहेर काढलं होतं — माझी पोर खाल्लीस म्हणून. ती परळला भोईवाड्यात भावाकडे राहायची, लोकांची दळणं दळायची. तिथून चालत आली होती. बायकोनं तिला पाणी दिलं, ती ते उभ्यानंच प्याली.

"मास्तर," ती म्हणाली, "भांडायला नाय आले. एकच इचारायचं हाय."

मी म्हणालो, "विचार."

"त्या सांजेला जाळ व्हता की नव्हता?"

ती घाईनं पुढे बोलू लागली, जणू मी कंटाळून आत निघून जाईन. "समदी म्हणतात नव्हता. सासू म्हणते नव्हता. भाऊबी म्हणतो, तुला भास झाला. मला तर अजून दिसतोय. निळा. त्यात तुमचं तोंड दिसलं मला. पन मी एकलीच सांगते, आनि समदी दुसरं सांगतात. मंग मलाच कळंना झालंय. व्हता तर व्हता म्हना. मी कोनाला सांगनार नाय. साहेबाकडं जानार नाय. माझ्यापुरतं सांगा. व्हता तर मी तानीला वाचवाया गेले. नव्हता तर — नव्हता तर मीच मारली तिला."

बघा, किती सोपं होतं. साक्ष नको, कागद नको, कोणापुढे मान खाली घालायला नको. एक शब्द. तोही फक्त तिच्यापुरता.

माझी बायको आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला दिवस गेले होते. ती माझ्याकडे बघत होती — नवऱ्याकडे जसं नव्यानं लग्न झालेली बाई बघते, तसं.

मी म्हणालो, "नव्हता."

"मंग ते काय दिसलं मला?"

"माझ्या हातात कंदील होता. तो दिसला."

"निळा?"

"घाबरलं की माणसाला काहीही दिसतं."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. ओझं वाहून आलेल्या माणसाचा ते खाली ठेवताना पडतो तसा. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता मन एका जागी ऱ्हाईल." आणि तिनं वाकून मला नमस्कार केला. मला! मी पाय मागे घेतले, तेवढंच.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "बिचारी. तुम्ही किती शांतपणानं समजावलंत तिला."

का बोललो मी खोटं? भीती नव्हती, फायदा नव्हता. बायकोच्या डोळ्यांतली ती नजर जाऊ नये म्हणून? असेल. सवय म्हणून? तीही असेल. शोधत बसलो तर आणखी चार कारणं सापडतील आणि प्रत्येक कारणानं मला थोडं बरं वाटेल. म्हणून मी आता शोधत नाही.

पुढचं मला लालबागेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. भागीरथी माझ्या दारातून निघाली ती भोईवाड्याला गेलीच नाही. सरळ सासूच्या खोलीवर गेली, उंबऱ्यावर डोकं ठेवून म्हणाली — माझाच गुन्हा. जाळ नव्हता. मीच तुमची पोर मारली, मला काय हवं ते करा. म्हातारीनं आधी बदडलं, मग गळ्यात पडून रडली, आणि घरात घेतलं. "गुन्हा कबूल केला, सुटली बाई," तो माणूस म्हणाला. मी हो म्हणालो.

मग मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. गिरण्या ओस पडल्या, चाळींना कुलपं लागली, जो तो गाव गाठू लागला. शेजारचं माणूस सकाळी बोलायचं आणि संध्याकाळी त्याला उचलावं लागायचं. त्या दिवसांत मला चैन पडेना. वाटायचं, मी तरी मरेन, नाहीतर ती तरी मरेल, आणि ती आपल्याला खुनी समजूनच मरेल. एका सकाळी मी घरात काही न सांगता निघालो. ठरवून निघालो — ठरवून, ह्यात खोटं नाही. लालबागेत चाळीत पोचलो तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, सासूसुना आत्ताच बंदरावर गेल्या, गावाला चालल्या.

मी बंदरावर धावलो. काय गर्दी ती! ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं, डॉक्टरच्या तपासणीची रांग. आणि त्या गर्दीत एका बोचक्यावर भागीरथी बसलेली. सासू तिच्या खांद्याला टेकलेली. शेजारी त्यांच्याच गावची एक बाई. मी चारपाच हातांवर येऊन थांबलो. दम लागला होता. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं.

तिनं मान वर केली. मला पाहिलं. डोळे माझ्यावर थांबले. मग ती सासूकडे वळून म्हणाली, "आई, बघा गो तुमी जरा. तो बत्तीवाला मास्तर दिसतो मला. तोच काय?"

म्हातारीनं मला जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "नाय गो. मास्तर कशाला येतो हितं मरायला? दुसरा कोन तरी हाय." आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हिचं आता असंच. आपल्या डोळ्यांवर इश्वासच नाय. चुलीवर दूध उतू जात असलं तरी मला हाक मारते — आई, उतू जातंय काय गो?"

ती बाई हसली. म्हातारीही हसली. भागीरथीही थोडं हसली. आणि तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली, शहाण्यासारखी, सांगितलं ते पटल्यासारखी.

मी तिथेच उभा होतो. हाक मारायची होती — "भागीरथीबाई, मीच तो" — एवढीच. मी मान वळवली. दुसऱ्याच कोणाला शोधायला आलोय असा चेहरा केला आणि गर्दीतून मागे सरलो.

रांग पुढे सरकली. त्या दोघी बोटीवर चढल्या. भागीरथीनं आधी सासूला हात देऊन वर घेतलं, मग बोचकं.

तिच्या गावाचं नाव मला ठाऊक होतं. तिथे कागद गेला असता, माणूस गेला असता. ती किती वर्षं जगली, कधी गेली, ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.